पालिओ उघडी केली

आजचा रविवार बेळगावच्या उद्यमबागेत गेला. जुनी फियाट पालिओ १.६ गाडी रेसिंग ट्रॅकसाठी करायला घेतलीय, त्यातलं आजचं काम म्हणजे नुसतं काढणं. मागची सीट, कार्पेट, दारांचे पॅड, स्पीकर. खाली पत्र्याला चिकटलेला आवाज दाबणारा डांबरी थर. तो हीट गननं मऊ करून पटाशीनं खरवडायचा. दुपारपर्यंत कंबर गेली.

मिस्त्रीमामा म्हणाले, "चांगली गाडी कशाला उघडी करूलायस? इंजिन वाढीव बसव की!" पण माझं मत पक्कं आहे. मूळच्या १०० हॉर्सपॉवरला आत्ता हात लावायचा नाही. वजन उतरलं की गाडी पळते, वळते आणि थांबतेही बरी. पहिला खर्च ब्रेकवर. नव्या डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०, आणि दोन्ही हवेतलं पाणी ओढतात, मग हा आकडा खाली येतो. आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. ऑइल उकळलं की पेडल थेट तळाला.

रोल केजला, म्हणजे गाडी उलटली तर आतल्याला वाचवणाऱ्या पाइपांच्या पिंजऱ्याला, सीमलेस (बिनजोडाचा) पाइपच. फर्निचरच्या पाइपचे 'स्टाइल' केज बघितलेत, त्यापेक्षा शर्यतीची बैलगाडी बरी! आणि केज बसला की गाडी गावात फिरवणं बंद. हेल्मेटशिवाय डोकं पाइपवर आपटलं तर संपलंच. कायद्यातही ते बसत नाही. म्हणजे चेन्नईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकपर्यंत ट्रेलरवरूनच.

निपाणी-खानापूरकडं कुणाचा ट्रेलर भाड्यानं मिळेल का? आई विचारतेय, आता कुंदा आणायला कशातून जायचं.