शहरी जमीन-वापर प्रकल्प: उघडी माती आणि बांधकाम आता वेगळं दिसतंय

उपग्रह-प्रतिमांवरून शहरातला जमीन-वापर ओळखायच्या माझ्या प्रकल्पात या टप्प्यात उघडी माती आणि काँक्रीट यांचा गोंधळ बराचसा सुटला, याचा मला खूप आनंद आहे. एनडीबीआय, म्हणजे प्रतिमेतलं बांधकाम दाखवणारा निर्देशांक, वापरलेल्यांना हा त्रास ठाऊक असेल. हा निर्देशांक शॉर्टवेव्ह आणि निअर इन्फ्रारेड या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या बँडमधल्या फरकावर चालतो आणि त्यात कोरडी माती छपराइतकीच उजळ दिसते. एकाच तारखेची प्रतिमा घेतली, की नांगरलेलं शेतही ‘बांधकाम’ म्हणून रंगतं.

उत्तर वर्षभराच्या मालिकेत सापडलं. सेंटिनेल-२ ची उपग्रहजोडी साधारण ५ दिवसांनी त्याच जागेवर येते. ढगाळ पिक्सेल गाळून प्रत्येक पिक्सेलचा एनडीव्हीआय (हिरवाई मोजणारा निर्देशांक) वर्षभर पाहिला, तर मोकळ्या जमिनीवर कधी ना कधी गवत उगवतंच. छपराची आलेखातली रेघ मात्र सपाट राहते. म्हणून रँडम फॉरेस्टला, म्हणजे पिक्सेलची वर्गवारी करणाऱ्या मॉडेलला, आता वर्षभरातल्या मध्यकाबरोबर चढ-उताराची व्याप्तीही देतो. जोडीला सेंटिनेल-१ या रडार-उपग्रहाच्या प्रतिमा: जमिनीवर आणि भिंतीवर आपटून लहर जोरात परतते, तेही ढगांची पर्वा न करता. रस्त्यांची दिशा रडारला तिरकी असेल, तिथे मात्र हा संकेत मंदावतो.

जुन्या-नव्या प्रतिमा एकत्र करणाऱ्यांनी एक नक्की तपासा. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत बदल होऊन पिक्सेलमूल्यांत १००० ची भर पडते. ती वजा केली नाही, तर मॉडेलला अख्खं शहर बदललेलं दिसेल.

चाचणीसाठी विखुरलेले पिक्सेल निवडू नका, असं मी आग्रहाने सांगेन. शेजारचे पिक्सेल जवळपास सारखे असतात. एक ट्रेनिंगमध्ये आणि दुसरा चाचणीत गेला, की अचूकता फुगते. शहराचे चौकोनी तुकडे पाडून काही पूर्ण बाजूला ठेवले, की आकडा घसरतो, पण त्यावर विसंबता येतं.

प्रत्यक्ष वापर ओळखणं अजून बाकी आहे. १० मीटरच्या पिक्सेलमध्ये १०० चौरस मीटर जागा मावते, आणि शाळेचं छप्पर गोदामाच्या छपरासारखंच दिसतं. एकट्या पिक्सेलवरून हे कळणार नाही. इमारतीचा आकार, भोवतीचं अंगण, मैदान, वाहनतळ हे सगळं एकत्र पाहावं लागेल. त्यासाठी आता यू-नेट, म्हणजे आजूबाजूचा भागही पाहून प्रत्येक पिक्सेल ओळखणारं न्यूरल नेटवर्क, हाती घेतोय. लेबलं (कुठे काय आहे याची उत्तरं) ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशावरून घेणार आहे. पण तिथे रिकामी दिसणारी जागा अनेकदा कुणी नोंदवलेलीच नसते. म्हणून नोंद नसलेला भाग ‘मोकळी जमीन’ न धरता ट्रेनिंगमधून वगळणार आहे.