मारुतीसमोरचे घर

बेळगावात दस्तऐवजांची भाषांतरे करून देणे हा माझा व्यवसाय आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हा भाग मुंबई राज्यात असल्यामुळे कित्येक घरांची मूळ खरेदीखते मराठीत, नंतरचे उतारे कन्नडमध्ये आणि बँकेला मात्र सारे इंग्रजीत हवे, अशी इथली परिस्थिती आहे. खानापूर तालुक्यातील एका कुटुंबाच्या 1952 सालच्या खतात ‘मारुतीच्या देवळासमोरील घर’ असे शब्द होते. मी ‘इन फ्रंट ऑफ’ लिहून दिले.

पंधरा दिवसांनी कर्ज अडल्याचा निरोप आला. परगावाहून आलेल्या मूल्यांकन अधिकाऱ्यांना देवळाच्या दारापुढे पिंपळाचा पार दिसला, घर दिसले नाही, आणि ‘वर्णन जागेशी जुळत नाही’ असा शेरा त्यांनी मारला. माझे शब्द प्रमाण मानले, तर शेरा योग्यच होता.

दुसऱ्याच दिवशी मी गावी गेलो. देवळापुढे पार, मग रस्ता, आणि रस्त्यापलीकडे देवळाकडे तोंड करून उभे असलेले ते घर. उंबऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, “मारुती आमच्या म्होरं, आन् आमी मारुतीच्या म्होरं. ह्यात न कळण्यासारखं काय हाय?”

इंग्रजीतल्या ‘ऑपोझिट’चा अर्थ नेमका हाच आहे. मध्ये रस्ता असो वा टेबल, दोन्ही बाजू एकमेकींकडे पाहत असतात, आणि नाते दोहोंकडून सारखेच राहते. ‘इन फ्रंट ऑफ’चे तसे नाही, रांगेत माझ्या पुढे असलेल्या माणसाच्या मी मागे असतो. आपल्या ‘समोर’ला दोन्ही अर्थ चालतात, म्हणून निवड भाषांतर करणाऱ्यालाच करावी लागते. ‘ऑपोझिट’ म्हणजे विरुद्धार्थी शब्द, असे शाळेत घोकलेले असल्यामुळे दुकानांच्या पाट्यांवर तो रोज वाचूनही मला सुचला नाही, याचे फार वाईट वाटले. कारण त्याच खताच्या चक्कुबंदीत, म्हणजे चतुःसीमांच्या वर्णनात, ‘पश्चिमेस रस्ता, त्यापलीकडे देऊळ’ असे स्वच्छ लिहिलेले होते.

त्याच रात्री मी ‘ऑपोझिट द मारुती टेंपल, अक्रॉस द रोड’ अशी दुरुस्ती केली. आधी घाईत लिहिलेला ‘ऑफ’ खोडला, कारण ‘द ऑपोझिट ऑफ’ म्हटले की पुन्हा विरुद्धार्थाकडेच जावे लागते. अधिकारी दुसऱ्यांदा आले, तेव्हा त्यांनी आजींच्या शेजारी उंबऱ्यात उभे राहून समोरच्या देवळाचा फोटो काढला आणि तोच अहवालाला जोडला.