शाईची दौत प्रोसिडिंगमध्ये नाही

बारा वर्षं एका नगरपालिकेत सभेचं प्रोसिडिंग लिहिलंय मी, त्यामुळे कुणाचंही प्रोसिडिंग बुक हातात आलं की आधी बघते काय लिहिलेलं नाहीये ते. सभेत खुर्च्या उचलल्या गेल्या तरी आपण लिहितो काय, तर "गोंधळ झाल्याने सभा दहा मिनिटे तहकूब". गेले दोन महिने रात्री जेवणं आटपली की अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वेळची, दक्षिणेकडच्या कॉन्फेडरेट काँग्रेसची रोजची कामकाजाची पानं वाचतेय. गुलामगिरी टिकवायला जी राज्यं फुटून निघाली त्यांची ही संसद. 4 फेब्रुवारी 1861 ला माँटगोमेरीत पहिल्यांदा भरली, मग जुलैपासून व्हर्जिनियात रिचमंडला. आणि हे सगळं सात खंडांत छापलं कुणी, तर युद्ध जिंकलेल्या उत्तरेच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या सिनेटने, 1904-05 मध्ये! म्हणून तर आज मला वाचायला मिळतंय.

रोजची सुरुवात ठरलेली. सभागृह भरलं, अमुक पाद्र्यांनी प्रार्थना म्हटली, विधेयक मांडलं, समितीकडे पाठवलं, नावं पुकारून मतं घेतली आणि मग ती ओळ येते की सभागृह गुप्त बैठकीत गेलं. ही ओळ इतक्या वेळा येते की शेवटी शेवटी मी ती आली की थांबायलाच लागले. भाषणं तर यात नाहीतच, नुसते ठराव आणि मतं, वॉशिंग्टनकडे भाषणं शब्दन् शब्द उतरवून छापायची पद्धत होती तशी इथे नव्हती. फेब्रुवारी 1863 मध्ये अशाच एका गुप्त बैठकीत जॉर्जियाच्या बेंजामिन हिलने अलाबामाच्या विल्यम यान्सीला शाईची दौत फेकून मारली, ती लागली गालावर, रक्त आलं. लोकांना त्या वेळी यातलं काहीच कळू दिलं नाही.

त्याच वर्षीचा 2 एप्रिल मात्र डोक्यातून जात नाही. अधिवेशन चालू होतं आणि काँग्रेस भरायची त्याच कॅपिटल इमारतीच्या आवारात बायका जमल्या. पोटाला नाही, महागाई हाताबाहेर गेलेली, नवरे युद्धावर. गव्हर्नरकडून काही हाती लागलं नाही तशा त्या बाजारात शिरल्या आणि पाव, मांस, बूट, कपडे, मिळेल ते उचललं. शेवटी सैनिक आणले, गोळ्या घालायची धमकी दिली तेव्हा पांगल्या. आणि 4 एप्रिलची मंजुरी असलेला ठराव काय, तर लोकांनी कापूस-तंबाखू न लावता धान्य पिकवावं. महिना संपायच्या आत पिकाचा दहावा हिस्सा कर म्हणून द्यायचा कायदा पण झाला. उपाशी बाई समोर उभी असताना ठरावाचा मसुदा करायला बसलेला कारकून माझ्या डोळ्यासमोर येतो, कारण त्या खुर्चीत मी बसलेय.

हजेरीपटाकडे नीट बघा. केंटकी, मिसुरीचे सभासद शेवटपर्यंत बसलेत, जिथे यांचं राज्य चालतच नव्हतं. सक्तीची भरती, कर, जप्ती, असल्या कडक कायद्यांना मतं देणाऱ्यांत हेच पुढे, कारण त्याची झळ ज्यांना बसणार ते यांचे मतदार नव्हतेच.

आणि ज्यांच्यावरून हे सगळं पेटलं ते लाखो गुलाम? प्रोसिडिंगमध्ये ते मालमत्ता म्हणून येतात. यांच्या घटनेतच लिहिलेलं की गुलामांवरच्या मालकीला धक्का लावणारा कायदा करायचा नाही. पण 1865 उजाडलं, सैन्य संपत आलं आणि ह्याच लोकांना गुलामांच्या हातात बंदुका द्यायचा विषय घ्यावा लागला. पहिल्या काँग्रेसचा अध्यक्ष राहिलेला हॉवेल कॉब जानेवारीत युद्धमंत्र्याला कळवतो की गुलाम जर चांगले सैनिक ठरणार असतील तर आपला गुलामगिरीचा सगळा सिद्धांतच चुकला. बरोबर बोलला, आणि तरी गुलामांना बंदुका द्यायला त्याचा विरोधच! 31 जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती 119 विरुद्ध 56 ने पास झाली, आणि तिथून दीडेकशे किलोमीटरवर इथे महिनाभर चर्चाच. शेवटी बंदुका द्यायचं विधेयक प्रतिनिधीगृहात 40 विरुद्ध 37 ने पास, मग 8 मार्चला सिनेटमध्ये 9 विरुद्ध 8. त्या नऊत व्हर्जिनियाचा हंटर आहे, विरोधात बोलला पण राज्याच्या विधिमंडळाने बजावलं म्हणून बाजूने मत दिलं. 13 मार्चला सही झाली. कायद्यात स्वातंत्र्याचा शब्द नाही, मालक आणि राज्य संमती देतील तरच गुलामाचं नातं बदलणार. लढा, मरा, पण गुलामच राहा. हे वाचून मी त्या रात्री खंड मिटूनच ठेवला.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये "गुलामगिरी" अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, निग्रोंना दास्यातून सोडवायला त्यांनी जे औदार्य, जो स्वार्थत्याग दाखवला त्यासाठी. अर्पणपत्रिका शाळेपासून माहीत होती, पण ते दास्य टिकवायला पलीकडे रोज हजेरी लावून, प्रार्थना म्हणून किती मन लावून काम चाललं होतं हे मला आत्ता कळतंय.

18 मार्चला बेमुदत तहकुबी. पुढे पंधरा दिवसांत, 2 एप्रिलच्या रविवारी सरकार रिचमंड सोडून पळालं, आणि 4 तारखेला लिंकन त्या शहराच्या रस्त्यांवरून पायी फिरला, भोवती कालपर्यंत गुलाम असलेल्या लोकांची गर्दी. तोपर्यंत प्रोसिडिंग संपलेलं होतं.