पाटीवरची जागा

पाट्यांच्या दुकानात माणूस अक्षरे विकायला बसतो असे बाहेरून वाटते; प्रत्यक्षात त्याचा निम्मा दिवस जागेच्या वाटणीत जातो. दहा फूट बाय तीन फुटांच्या बोर्डावर दुकानाचे नाव, प्रोप्रायटरचे नाव, दोन मोबाइल क्रमांक, कुलदैवताचा फोटो आणि उरलेल्या जागेत मालाची समग्र यादी, एवढे सगळे बसवून नाव पुन्हा रस्त्यापलीकडून वाचता आले पाहिजे अशी गिऱ्हाइकाची अट असते. मोकळ्या जागेमुळेच अक्षराला उठाव येतो, हे त्याला पटत नाही. पैसे चौरस फुटावर मोजायचे आणि जागा रिकामी सोडायची, हा कुठला व्यवहार, असे तो विचारतो आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नसते.

२०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. देवनागरी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, हेही ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा दिवाळीच्या तोंडावर या धंद्यात बरकत आली खरी. पण उंची मोजायची कुठून, हा प्रश्न आमच्याच गळ्यात पडला. रोमन लिपीतले कॅपिटल अक्षर वरखाली कुठेच फुटत नाही, तर देवनागरीत शिरोरेषेवर वेलांट्या, मात्रा आणि रफार, खाली उकार. दोन्ही लिप्या एकाच उंचीच्या पट्टीत बसवल्या, तर मराठी अक्षराचा मूळ देह आक्रसतो आणि मापाला बरोबर असलेली ओळ डोळ्याला लहान दिसते. म्हणून मी शिरोरेषेपासून खाली मोजतो आणि बोर्ड थोडा उंच घ्यायला सुचवतो. मी चौरस फूट वाढवायला बघतोय, असा संशय मग गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर उमटतो. (तो अगदीच निराधार असतो, असेही नाही.)

व्हिनाइल, म्हणजे पाटीवर चिकटवायचा रंगीत प्लास्टिकचा पत्रा, कापण्याच्या कामात देवनागरीचा कस निराळाच. शिरोरेषेपाशी अक्षरे एकमेकांवर चढलेली असतात. ती तशीच प्लॉटरकडे, म्हणजे कापणाऱ्या यंत्राकडे, पाठवली, तर पाते प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापते आणि सलग रेषेत जागोजागी चिरा पडतात. त्यासाठी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी अक्षरे आधी वेल्ड करून एकसंध करावी लागतात. पुढे नको असलेला भाग सोलताना अनुस्वाराचे टिंब त्याच्याबरोबर निघून येते, ते चिमट्याने धरून जागच्या जागी बसवायचे. त्यात मजकूर येतो व्हॉट्सअ‍ॅपवर, युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतात, आणि बोर्डाला शोभणारे माझे फॉन्ट जुन्या पद्धतीचे, तो संकेत न ओळखणारे. रूपांतर करताना पहिला बळी आमच्या गावाच्या नावाचा जातो: 'कऱ्हाड'मधला अर्धा र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो.

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर अक्षरांचा प्रश्न नसतो, तिथे मानपानाचा असतो. वरच्या पट्टीत नेते, मध्ये सत्कारमूर्ती, खाली शुभेच्छुकांची रांग हा क्रम ठरलेला. पण अध्यक्षांचा फोटो उपाध्यक्षांपेक्षा किंचित बारीक दिसतोय, हे मंडळाच्या लक्षात येते ते रात्री दहाला, प्रिंटिंगला फाइल पाठवायच्या क्षणी. पाठवलेला फोटो लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला असतो आणि खांद्यावर उरलेला कुणा परक्याचा हात पुसून तिथे सदरा रंगवावा लागतो. निवडणुकीच्या पोस्टरवर याच गर्दीत मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता घालावा लागतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७क तसे बजावते, आणि उमेदवाराचा माणूस मात्र ती ओळ "दिसणार नाही अशी" टाका म्हणतो.

या साऱ्या खटाटोपाचे वेगळे पैसे मागितले की "डिझाइनचे कसले पैसे, ते तर कॉम्प्युटर करतो," असे ऐकून घ्यावे लागते. काही जण मंजुरीसाठी पाठवलेले डिझाइन घेऊन चौरस फुटाला दोन रुपये कमी घेणाऱ्याकडे जातात. त्यावर उपाय म्हणून मी अशा नमुन्यावर आमच्या दुकानाचे नाव तिरक्या, फिकट अक्षरांत टाकू लागलो. एका मंडळाने त्या नावासकटच फ्लेक्स दुसरीकडे छापून चौकात लावला, आणि गणपती उठेपर्यंत तो तिथेच होता. एवढी मोठी जागा स्वतःच्या दुकानासाठी मी पैसे मोजून कधीच घेतली नसती.