गुरुजींचे तीन रकाने

आपल्या बोर्डिंगच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असे पत्र आले आणि आठवली ती गुरुजींची शनिवारची संध्याकाळ. गुरुजी म्हणजे कोणते, हे आपल्या बोर्डिंगच्या पोरांना सांगावे लागत नाही.

जेवणे आटोपली, ताटे घासून झाली की प्रत्येकाला वहीचे अर्धे पान मिळे. त्यावर उभे तीन रकाने: काम, श्रम, धीर. बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (१:३) प्रेषित पौल तिथल्या ख्रिस्ती मंडळीबद्दल आभार मानताना देवापुढे याच तीन गोष्टी आठवतो. विश्वासाने केलेले काम, प्रीतीने केलेले श्रम, आशेने धरलेला धीर. गुरुजी म्हणत, विश्वास डोळ्यांना दिसत नाही, हे तीन दिसतात. म्हणून ‘अमके फार विश्वासू आहेत’ असे लिहिलेले चालत नसे. क्रियापद हवे. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या आईबापांनी रविवारी पालापुढे भक्ती घेतली, हे कामात. मावशीने आजारी शेजारणीची कपाशी वेचून दिली, हे श्रमात. दुबार पेरणी करावी लागली तरी आजोबांनी कापणीच्या सणाला ज्वारीची पहिली कणसे आणली, हे धीरात.

रविवारी पान हातात धरून आभाराची प्रार्थना. आधी ‘हे देवा’, मग घडलेली गोष्ट, नाव शेवटी. नाव आधी आले की प्रार्थनेचा सत्कार होतो आणि देव बाजूला राहतो. एकदा एका मुलाने थेट ‘स्वयंपाकीणबाई, तुम्ही...’ अशीच सुरुवात केली. गुरुजींनी त्याला हळूच थांबवले: “बाईंना मग सांग रे पोरा. आता त्यांच्याबद्दल देवाला सांग.” त्याने पुन्हा सुरुवात केली, ‘हे देवा, ताप अंगात असूनही आमच्यासाठी भाकरी थापल्या, त्या बाईंबद्दल तुझे आभार.’ बाई दाराशी उभ्या होत्या. पदर डोळ्यांना लागला होता.

दुसरी चूक नेहमीची. आभार सुरू करायचे आणि दुसऱ्याच वाक्यात ‘सर्वांचे भले कर’ म्हणत मागणीत शिरायचे. पौलही मागतो, पण आभार पोटभर मानून झाल्यावर (३:१०).

प्रेषितांच्या कृत्यांतला (अध्याय १७) पौलाच्या थेस्सलनीका शहरातल्या मुक्कामाचा भाग गुरुजी सावकाश वाचत. सभास्थानात तीन शब्बाथ वादविवाद, मग दंगल, यासोनाच्या घरावर हल्ला, आणि भावांनी पौल व सीला यांना रातोरात बिरुया गावी पाठवलेले. मागे राहिलेली ती कोवळी मंडळी टिकली असेल का? काळजी अनावर झाली तेव्हा पौलाने अथेनैहून (अथेन्सहून) आपला सहकारी तीमथ्य याला पाठवले. तो परतला तो त्यांच्या विश्वासाची व प्रीतीची सुवार्ता घेऊन. मग पौलाला आनंद आवरत नाही. तुमच्यामुळे झालेल्या एवढ्या आनंदाबद्दल देवाचे किती आभार मानावेत, असे तो विचारतो (३:९). पाच अध्यायांच्या पत्रात तीनदा आभार, १:२, २:१३ आणि ३:९! करिंथच्या मंडळीतली भांडणे ठाऊक असूनही त्यांच्याबद्दल आभार आहेत, पण ते देवाच्या कृपेबद्दल. गलतीकरांच्या पत्रात मात्र आभार नाहीतच, नमस्कारानंतर थेट ‘मला आश्चर्य वाटते’. गुरुजी म्हणत, नसलेल्या गोष्टीचे आभार पौलानेही मानले नाहीत.

आज मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर ऑपरेशन, परीक्षा, नोकरी यांसाठी विनंत्या येतात. आभार येतात ते निकालाचे, नव्या घराचे. शेजारच्या बाकावरच्या माणसाचा विश्वास टिकला म्हणून आभार क्वचितच, आणि याची खंत वाटते. पण परिचारिका होऊन सुरत-नाशिकला गेलेल्या आपल्या मुली रात्रपाळी संपवून अजून तीन रकाने भरतात, हे लिहिताना ऊर भरून येतो.

आता गुरुजींच्याच रीतीने, दुसऱ्या रकान्यातून:

हे देवा, तापाने फणफणलेल्या पोरांच्या उशाशी कंदील घेऊन, कपाळावरच्या ओल्या पट्ट्या बदलत कुणी रात्री जागवल्या. त्या आमच्या गुरुजींबद्दल तुझे आभार.