मेंढ्याचा फोटो, तिफणीचं चाडं आणि संग्रहालयाची नोंदवही

लंडनहून रेल्वेने अर्ध्या तासावर रेडिंग आहे. तिथे विद्यापीठाचं ग्रामीण जीवनाचं संग्रहालय आहे. नांगर, बैलगाडीच्या चुलतभावंडांसारख्या गाड्या, टोपल्या, दुधाची भांडी... धुळे-जळगावकडच्या माणसाला त्यातलं निम्मं पाटी न वाचता कळेल. ९ एप्रिल २०१८ ला या संग्रहालयाने आपल्या जुन्या फोटोंमधला एक्समूर हॉर्न जातीचा एक आडमाप मेंढा ट्विटरवर टाकला. सोबत एकच ओळ. आपल्याकडे म्हणायचं तर, ‘काय गडी आहे, बघा तरी!’ लाइक लाखावर गेले.

विनोद जमला, हे खरंच. पण तो फोटो आधीच स्कॅन झालेला होता आणि मेंढ्याची जात नोंदीत होती, हे कुणी सांगत नाही. नोंद नसती तर तो गठ्ठ्यातच राहिला असता.

मोठ्या संग्रहालयांचं गणित वेगळं. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राचे ८,४३९ फोटो जोडून ७१७ गिगापिक्सेलचं, म्हणजे ७१,७०० कोटी ठिपक्यांचं, एक चित्र जानेवारी २०२२ मध्ये वेबसाइटवर ठेवलं. ते साध्या मोबाइलवरही उघडतं, कारण चित्राचे छोटे चौकोन पाडलेले असतात आणि तुम्ही बघता तेवढेच खाली येतात. पैसा असेल तर हे करावं. नसेल तर अडत नाही.

शाळेच्या किंवा वाचनालयाच्या एका खोलीत तिफण, वखर, मोट, पितळी घागरी जमवणारी मंडळी खान्देशात कमी नाहीत. त्यांनी सुरुवात इन्स्टाग्रामपासून करू नये, नोंदवहीपासून करावी. वस्तूवर मार्करने थेट आकडा टाकू नका, शाई कायमची मुरते. संग्रहालयांत धातूवर किंवा चिनी मातीवर आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा थर देतात, त्यावर आकडा, वर पुन्हा थर. अॅसिटोनने तो निघतो. खरबरीत लाकडाला सुती नाडीने चिठ्ठी बांधली की झालं.

फोटोसाठी दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून सारखा उजेड, मागे करडं कापड, शेजारी पट्टी आणि रंगांचं कार्ड. मूळ फाइलला हात लावायचा नाही. वेबसाठी २,००० पिक्सेलची वेगळी प्रत काढायची. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. फोटो व्हॉट्सअॅपने पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तो दाबला जातो आणि फाइलमधली माहिती पुसली जाते. इतर अॅपवरही तेच होतं, म्हणून नोंद क्रमांक फोटोखालच्या ओळीतच लिहावा.

बरेच फोटो जोडून वस्तूची थ्रीडी प्रतिकृती करायचा मोह घागरीपाशी हमखास फसतो. ८० ते १०० फोटो, प्रत्येकात आधीच्या फोटोचा ६० ते ७० टक्के भाग, दोन-तीन उंचींवरून पूर्ण फेरा, एवढं नेमाने केलं तरी पितळेवरची चमक कॅमेऱ्याबरोबर सरकते आणि सॉफ्टवेअर तिलाच आकार समजतं. ढगाळ दिवशी सावलीत काढून बघा. चमक मारायला पावडर मात्र फासू नका. पहिला प्रयोग लाकडावर करावा, चाडं त्याला उत्तम.

चाड्याचंच उदाहरण घेऊ. ‘आमच्या संग्रहातील प्राचीन ठेवा’ असं लिहिलं तर लोक लाइक ठोकून पुढे जातात. त्याऐवजी: ‘चाडं. तिफणीवर बसवायची लाकडी वाटी. पेरणारी बाई यात मूठ सोडते, बी तीन नळ्यांतून तीन फणांमागे पडतं.’ आणि खाली अहिराणीत: ‘तुमना घरमा याले काय म्हंतस?’

उत्तरं येतील. चोपड्याचं एक, साक्रीचं दुसरं, मध्येच कुणाच्या आजोबांचं भांडणही. ही उत्तरं शब्द, गाव, तारीख, सांगणाऱ्याची परवानगी अशी नोंदवहीत उतरवायला एक माणूस नेमलेला हवा. बहुतेक ठिकाणी नेमकं हेच होत नाही. लाइक मोजले जातात आणि शब्द वाहून जातात. दुसरा नेहमीचा घोळ पासवर्डचा: खातं एका उत्साही पोराच्या नंबरवर उघडतात, तो नोकरीला पुण्याला जातो, खातं तिथेच थिजतं. संस्थेचा ईमेल आणि निदान दोन जबाबदार माणसं हवीतच. व्हिडिओ बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, तेव्हा बोललेलं खाली अक्षरांत द्या.

आता तुमच्या हातचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला आहेत. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ दरम्यान त्या केल्या. काही पुढे आगीत जळाल्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच वेबसाइटवर दिसतात. शोधात इंग्रजीत अजिंठा आणि ग्रिफिथ्स एवढंच टाका. लेण्याचा क्रमांक दिलेला असेल तर तो टिपून घ्या, म्हणजे भिंतीवर आज काळवंडलेली किंवा उडालेली जागा नकलेशी ताडून पाहता येते. लेण्यात उजेड बेताचा, फ्लॅशला मनाई आणि नेटवर्कचा भरवसा नाही. म्हणून लेण्यांजवळच्या फर्दापूरची गाडी धरण्याआधी जळगावलाच फोटो उतरवून ठेवा.