मागचं दार आणि उसनी अवजारं

आमच्या अस्नोड्याच्या घराचं मागचं दार, म्हणजे स्वयंपाकघरातून न्हाणीकडे उघडतं ते, यंदा जुलैत खालून गेलं. वाळवी आधीपासून होतीच, त्यात पागोळ्यांचं पाणी. सकाळी कडी काढताना खालची फळी हातभर निखळून उंबरठ्यावर पडली आणि त्या भोकातून शेजाऱ्यांचं मांजर आत आलं. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, महिन्याभरावर आलेली. मेस्ताला, म्हणजे सुताराला, फोन केला तर तो म्हणाला, "चवथ जातकच येतां." चवथ झाल्यावरच. चवथीआधी गोव्यात मेस्त मिळणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. सगळ्यांच्या माटोळ्या (गणपतीवर फळंफुलं टांगायच्या लाकडी चौकटी), रंगकाम, दारं-जनेलं एकाच पंधरवड्यात निघतात.

तर दार मीच बसवलं. मी आणि भाचा. मी शाळेत गणित शिकवते, भाचा कॉलेजात आहे, आणि दोघांनीही आयुष्यात खिळ्यापलीकडे काही ठोकलेलं नव्हतं.

नेटवर शोधलं तर पहिलाच व्हिडिओ वीसेक अवजारांची यादी घेऊन आला, त्यात निम्मी विजेची. एवढं विकत घ्यायचं तर त्या पैशांत दुसरं दार आलं असतं. म्हणून वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, फिरले. टेप घरात होता. आधी शिवणाच्या टेपने मापून मोकळी झाले होते आणि तो ताणला की चांगला पाव इंच वाढतो हे दुकानात जाऊन आल्यावर कळलं. काटकोन तपासायचा गुण्या आणि उभी रेघ बघायचा ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, समोरच्या गवंड्याने दिला. खाच पाडायची पटाशी आणि हाताने भोक पाडायचं गिरमिट मेस्तानेच दिली, फोनवर नाही म्हटल्याची भरपाई म्हणून असावी. बॅटरीवरचा ड्रिल भाच्याच्या मित्राचा. आणि लाकूड तासायचा रंधा वरच्या वाड्यावरच्या मावशीकडून. तिचा नवरा मेस्त होता. तो गेल्यापासून रंधा देवघराखाली जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेला, पात्याला खोबरेल चोपडलेलं. देताना तिची एकच अट होती, "दसऱ्याला पूजेला लागतो. त्याआधी परत दे."

दार फ्लशचं, म्हणजे आत लाकडाचे तुकडे आणि वरून सपाट प्लाय असं घेतलं, ३० मिलिमीटर जाडीचं, ७८ बाय ३२ इंच. सागवानाचं मनात होतं, खिशात नव्हतं. तीसएक किलोचं धूड रिक्षाटेम्पोतून आलं आणि दोन दिवस ओसरीवर भिंतीला टेकून राहिलं. ते तसं ठेवू नये, आडवं आणि सपाट ठेवावं, नाहीतर बाक येतो, असं गवंड्याने जाता-जाता सांगितलं. तेव्हा आडवं केलं.

आता खरी गोष्ट. मला वाटत होतं की दार बसवणं म्हणजे दार बसवणं. ते तसं नसतं, आधी चौकट काय म्हणते ते ऐकावं लागतं. आमची चौकट फणसाची, आजेसासऱ्यांच्या वेळची, चिऱ्याच्या भिंतीत घट्ट. हातोडीच्या दांड्याने खालपासून वरपर्यंत ठोकून पाहिली, कुठे पोकळ वाजली नाही. वाळवीने दार खाल्लं आणि फणसाला तोंड लावलं नाही. मग रुंदी मापली. वर सव्वाबत्तीस, मध्ये बत्तीस, खाली पावणेबत्तीस. आणि कर्ण! गेली २२ वर्षं नववीच्या पोरांना 'आयताचे कर्ण एकरूप असतात' म्हणून घोकून घेते आणि माझ्याच स्वयंपाकघराच्या चौकटीच्या दोन कर्णांत अर्ध्या इंचाचा फरक. भाच्याने टेप सोडला आणि हसत बसला.

ओळंबा लावल्यावर आणखी एक गोष्ट कळली. बिजागरीच्या बाजूच्या खांबाला वर खिळा मारून दोरी सोडली. वर दोरी लाकडापासून एक सेंटिमीटर, खाली दीड. म्हणजे खांब स्वयंपाकघराच्या बाजूला कललेला. अशा खांबावर दार सरळ लावलं तर ते कुणी हात न लावता आपलं आपण उघडतं किंवा मिटतं. जुनं दार नेहमी आपोआप उघडायचं आणि आम्ही इतकी वर्षं वाऱ्याला दोष देत होतो! सुटसुटीत इलाज असा की चौकट हलवायची नाही, वरची बिजागरी आणि खालची बिजागरी यांच्या सांध्याच्या दांड्या एकाखाली एक ओळंब्यात येतील अशा पुढेमागे बसवायच्या. आम्ही खालची ३ मिलिमीटर सरकवली. पूर्ण फरक भरला नाही, पण दार आता जिथे सोडाल तिथे थांबतं.

मग फट. दाराच्या दोन्ही बाजूंना आणि वर साधारण ३ मिलिमीटर मोकळी जागा लागते. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की जवळपास तेवढी जाडी होते, मी तीच घेऊन बसले. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. मे महिन्यात दार बसवणाऱ्याने फट थोडी जास्त सोडावी, नाहीतर जुलैत दाराला खांदा लावावा लागेल. आम्ही ऐन पावसात बसवलं, म्हणजे जास्तीत जास्त फुगवटा डोळ्यांसमोरच होता. एवढाच पावसाचा फायदा.

फ्लश दाराच्या कडेला आत सलग लाकडाची पट्टी असते. तासायचं ते त्या पट्टीपुरतंच, पलीकडे गेलात तर आतले तुकडे उघडे पडतात. खालून सेंटिमीटरभर कापायचं होतं. कापायच्या रेघेवर चिकटपट्टी लावली आणि सुरीने रेघ कोरून घेतली, नाहीतर करवतीने वरचं प्लाय उसवतं. बाजूला रंधा. मावशीचा रंधा पहिल्या ओढीतच असा चालला की पातळ, वळवळीत साल हातात आली. कडेला नाक नेलं तर खोबरेलाचा वास. कापलेल्या कडांना, खालच्या आणि वरच्या, तेलरंगाचे दोन हात दिले. पाणी दारात शिरतं ते याच कडांतून, आणि त्या कुणाला दिसत नाहीत म्हणून कुणी रंगवत नाही. जुन्या दाराची खालची कड कोरी होती, हे मी तुकडा उचलला तेव्हाच पाहिलं होतं.

शनिवारी दुपारी बिजागऱ्यांना हात घातला आणि वीज गेली. ड्रिलची बॅटरी आधीच धापा टाकत होती. मग गिरमिट. खरं सांगते, गिरमिटाने भोक पाडायला वेळ लागतो, पण ते भोक तिरकं जात नाही, कारण हाताला सतत कळत असतं. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या, चार इंची, तीन. आमच्याकडच्या हवेत लोखंडी दोन पावसाळ्यांत गंजतात. वरची दाराच्या माथ्यापासून सात इंचांवर, खालची तळापासून दहा, तिसरी मधोमध.

बिजागरी लावायला लाकडात तिच्या पत्र्याच्या जाडीइतकीच खाच करायची असते. पटाशी आधी दगडावर पाजवली, हाताच्या पाठीवरचे केस निघेपर्यंत. कडेच्या रेघेवर उभी धरून ठोकायची, मग आडवी करून पापुद्रे काढायचे. पहिल्या खाचेत मला इतकी मजा आली की मी दुप्पट खोल गेले. त्याचा परिणाम दार टांगल्यावर कळला. मिटायला लागलं की शेवटच्या दोन बोटांवर अडायचं आणि ढकललं तरी उसळी मारून परत यायचं. खाच खोल झाली की कड आधीच चौकटीला भिडते आणि बिजागरीवर ताण येतो. उपाय सोपा निघाला. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा बिजागरीच्या मापाने कापून मागे घातला. पुतणीच्या सासरचं नाव अजून त्या दारात आहे.

फणसाच्या लाकडात स्क्रू घालताना एक तुटला. टोक आत राहिलं, अजून आहे. मग पुढच्या सगळ्यांना मेणबत्ती घासली. साबण लावू नका, तो ओल धरतो आणि गंज आणतो. एका जुन्या स्क्रूचं भोक सैल झालं होतं, त्यात काड्यापेटीच्या तीन काड्या फेव्हिकॉल लावून ठोकल्या, वाळल्यावर कापल्या आणि पुन्हा स्क्रू.

पण एवढ्या सगळ्यात सर्वांत उपयोगी पडलं ते नेटवरच्या यादीत नव्हतं. पोफळीच्या रिपेचे पाचर. कोयत्याने पाच-सहा तासून घेतले, जोडीने उलटसुलट एकमेकांवर सरकवले की दार उंबरठ्यावरून हवं तेवढं, केसभरसुद्धा, उचललं जातं. भाचा तीस किलो दोन हातांनी धरून उभा आणि मी स्क्रू शोधत्ये, हा प्रकार पहिल्या दहा मिनिटांतच संपला. मधली बिजागरी मात्र पाचर घालण्याआधी लावली होती, ती थोडी तिरकी गेली.

रंधा दसऱ्याआधीच परत दिला, पात्याला पुन्हा खोबरेल लावून. पटाशी न्यायला मेस्त चवथीनंतर स्वतःच आला. दार दोनदा उघडलं, मिटलं, अर्ध्यावर सोडून बघितलं. खाली बसून तळाच्या कडेवरून बोट फिरवलं, रंग लागलाय का ते. मग उभा राहिला आणि मधल्या बिजागरीकडे बघत म्हणाला, "ही मदली कोणें बसयली?"

मी भाच्याकडे बोट दाखवलं.